साप खात नाही, आता काय?

प्रश्न : मुलाच्या हट्टापायी बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) घेतला. ‘इम्पोर्टेड’ म्हणून निम्म्या किमतीत मिळाला. सहा आठवडे झाले, पांढऱ्या उंदराकडे ढुंकूनही बघत नाही. वजन ९०० ग्रॅमवरून ८३० वर आलंय. काय करावं?
– वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : या सापाच्या बाबतीत ‘इम्पोर्टेड’ म्हणजे बहुधा घाना, टोगो किंवा बेनिनहून आलेला. ९०० ग्रॅमचा आहे, तेव्हा रानात वाढून मग पकडलेला असण्याची शक्यता दाट. तिथे तो वारुळात आणि बिळांत राहतो, तिथलेच उंदीर खातो. तुमचा पांढरा उंदीर त्याच्या लेखी खाद्यच नाही. पिंजऱ्यात जन्मलेल्या पिल्लाला तोच वास पहिल्या घासापासून ओळखीचा असतो. निम्म्या किमतीत वाचलेले पैसे इथे असे वसूल होतात.

आधी दहा दिवस त्याला हात लावू नका. काचेच्या टाकीला तीन बाजूंनी काळा कागद लावा. दोन आडोसे द्या, एक गरम टोकाला, एक थंड टोकाला. वेटोळं घातल्यावर अंग भिंतींना टेकेल इतके अरुंद. ऐसपैस खोक्यात तो बिथरलेलाच राहतो. गरम टोक ३१-३२ अंश सेल्सिअस, थंड टोक २५-२७, आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास. खाली पांढरा टिश्यू पेपर अंथरा. दिसायला गरीब, पण त्यावर सगळं दिसतं.

मग रात्री, दिवे मालवून, फ्रीझरमधून काढून गरम पाण्यात कोमट केलेला मेलेला उंदीर द्या. त्याआधी तो जर्बिलच्या (रानउंदरासारखा छोटा प्राणी) पिंजऱ्यातल्या भुशात चांगला घोळवा, म्हणजे सापाला ओळखीचा वास येईल. खाल्ला नाही तर सकाळी काढून टाका आणि आठवडाभर पुन्हा देऊ नका. रोज नाकासमोर उंदीर नाचवला की साप आणखी आखडतो. जिवंत उंदीर रात्रभर आत सोडू नका, भुकेला उंदीर सापालाच कुरतडतो. तोंड उघडून कोंबणं तर नकोच.

डॉक्टरांकडे मात्र आत्ताच न्या, वजन ८१० होण्याची, म्हणजे दहा टक्के घटण्याची, वाट पाहू नका. रानातल्या सापाच्या पोटात जंत असतातच असं धरून चाला. रानात त्यांच्यासह निभतं, प्रवासाच्या ताणाने आणि उपासाने साप खचला की तेच वरचढ होतात. साप खातच नाही तर तपासायला विष्ठा कुठून आणणार? डॉक्टर शेपटीच्या मुळाशी असलेल्या गुदद्वारात सलाईन सोडून नमुना काढतात. जंताचं औषध वजनावर ठरतं, अंदाजाने देऊ नका. डोळ्यांभोवती आणि खवल्यांखाली गोचीड शोधा, चिमट्याने डोक्याजवळ धरून सरळ ओढा. पाण्याच्या भांड्यात टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके दिसले तर ते माइट्स, रक्त पिणारे बारीक किडे. घरात दुसरा साप असेल तर हा ९० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, चिमटे-भांडीसुद्धा वेगळी.

प्रश्न : विक्रेता ‘फार्मवर जन्मलेलं’ पिल्लू देतोय. म्हणजे कॅप्टिव्ह-ब्रेड, बंदिवासातच पैदास झालेलं ना?
– वाचक, लेस्टर

उत्तर : नाही. रानातली गाभण मादी पकडायची, अंडी फार्मवर उबवायची आणि पिल्लं परदेशी पाठवायची, असाही हा धंदा चालतो. सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवान्यावर त्यांना ‘आर’ हे अक्षर असतं, रानातून पकडलेल्याला ‘डब्ल्यू’, आणि आईबापांचं मीलनही बंदिवासातच झालेल्याला ‘सी’. ‘आर’ पिल्लं मोठ्या सापापेक्षा लवकर खायला लागतात, पण दाटीतून आल्याने माइट्स आणतात. स्थानिक विक्रेत्याकडून घेताना शेवटच्या पाच जेवणांची नोंद मागा. जमलं तर डोळ्यांदेखत खाताना बघा. ‘सी’ असला म्हणून सगळं आलबेल असतं असं नाही. ‘स्पायडर’ नावाच्या रंगाच्या सापांचं डोकं डुगडुगतं, ते जन्मजात आहे आणि त्याला औषध नाही. तो रंग घेऊच नये.

प्रश्न : विहिरीत पडलेली धामण काढली. शेतावर पाळता येईल का?
– वाचक, सातारा

उत्तर : नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली तो गुन्हा आहे. जखमी असेल तर वनविभागाला कळवा, नसेल तर तिच्या वाटेने जाऊ द्या. शेतातले उंदीर ती तशीही खाईल, पिंजऱ्याशिवाय.