नाशिकजवळच्या २० एकर माळावर विद्यापीठाचा कॅम्पस टप्प्याटप्प्याने कसा वाढवावा?

तुमची जागा मुरमाड, उताराची, आणि पहिली इमारत कुठे बांधावी असं तुम्ही विचारलंय. इमारत थांबू शकते, आधी कंटूर सर्व्हे, म्हणजे जमिनीच्या चढउताराची मोजणी, करून घ्या. पाणी कुठून उतरतं हे न बघता केलेला लेआउट पहिल्याच पावसाळ्यात उघडा पडतो.

नाशिक शहराकडे वर्षाला साधारण ७०० मिमी पाऊस धरा. २० एकरांवर तेच साडेपाच कोटी लिटरच्या वर पाणी होतं. उतारावर समपातळी चर खणा, म्हणजे उताराला आडवे, सगळीकडे सारख्या पातळीचे, ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल, आणि माती खालच्या अंगाला टाका. पातळी पाण्याच्या नळीने तपासा. नजरेच्या अंदाजाने आखलेल्या चरात पाणी एका टोकाला साचतं, तिथे बांध फुटतो आणि घळ पडते. झाडंही त्याच वर्षी लावा: करंज, कडुनिंब, बहावा, कडेने गिरिपुष्प. खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्या. इमारत दीड-दोन वर्षांत होते, सावली होत नाही.

मग विद्यापीठ कोणत्या प्रकारचं ते ठरवा. नाशिकचंच बघा. १९८९चं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ दूरशिक्षणाचं, १९९८चं आरोग्य विज्ञान विद्यापीठ मुख्यतः संलग्न कॉलेजांचं. अशा ठिकाणी वर्गखोल्यांपेक्षा परीक्षा विभाग आणि गोदामं जास्त जागा मागतात. निवासी विद्यापीठाचं गणित पाण्यावर अडतं: दिवसा येऊन जाणाऱ्या विद्यार्थ्याला रोज ४५ लिटर, वसतिगृहातल्याला १३५.

बांधकामात सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे पाच-सात वर्षांनी वर्गखोलीतच ग्रंथालय थाटणं. वर्गाचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे ३०० किलो चल भार (माणसं, सामान यांचं वजन) धरून डिझाइन करतात, पुस्तकांच्या रॅकना ६०० लागतात, रॅक उंच असतील तर आणखी. स्लॅब वाकतो, खाली भेगा दिसतात, आणि दोष ठेकेदारावर जातो! ग्रंथालय तळमजल्यावर ठेवा, नाहीतर तो मजला सुरुवातीपासून त्या भाराचा करा.

पुढे मजले चढवायचे असतील तर पाया आणि कॉलम आताच त्या हिशेबाचे हवेत. कॉलमच्या वर सोडलेल्या सळयांना सिमेंटची स्लरी लावून हलक्या काँक्रीटमध्ये झाका. तशाच उघड्या राहिल्या तर पाच पावसाळ्यांत गंजून बारीक होतात, मग तोडफोड आलीच.

डांबर टाकण्याआधी प्रत्येक चौकात रस्त्याखालून दोन ह्यूम पाइप (काँक्रीटचे रुंद पाइप) आडवे टाका, एक वापरायला, एक रिकामा. वीज आणि पाणी एकाच पाइपातून नेऊ नका, दोन्हींची जोडी वेगळी ठेवा. पाइपचे चर बुजवण्याआधी टेप धरून फोटो काढा आणि जवळच्या इमारतीच्या कोपऱ्यापासूनचं माप नकाशावर चढवा. हे बहुतेक कोणी करत नाही, म्हणून दहा वर्षांनी जेसीबीवाला पाइपलाइन शोधतो ती फोडूनच.