आबांचं दूध आणि आईची केमो

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो, शिरोलीला फौंड्रीत कामाला आहे, वय ३६. आईला, वय ६१, छातीत गाठ लागली आणि तपासणीत कॅन्सर निघाला. आधी केमो, मग ऑपरेशन असं ठरलंय. दर २१ दिवसांनी एक अशा चार लाल औषधाच्या, नंतर दुसऱ्या औषधाच्या दर आठवड्याला एक अशा बारा. लाल औषधाच्या दोन झाल्या. आई काहीच खात नाही. आमचे आबा जुने पैलवान, त्यांना खुराक एवढंच माहीत. रोज पहाटे गंगावेशीत कट्ट्यावर जातात, म्हशीचं धारोष्ण दूध तांब्यात घेऊन येतात आणि आईच्या पुढ्यात उभे राहतात, तोंडातून शब्द नाही. आई दोन घोट घेते आणि मागच्या दाराला जाऊन ओकते, वर मला सांगते काही नाही, पित्त आहे. मी जबरदस्ती केली की अंगावर येते, आमची आई आयुष्यात कधी चिडली नव्हती ओ. केस हातात यायला लागलेत. गल्लीतले लोक येतात, कोण म्हणतं साखर बंद करा, कोण काढा आणून देतं. बहीण पुण्याला, तिचा रोज व्हिडिओ कॉल. बायको स्वयंपाकाचं बघते. मी रात्री दोन-दोनदा उठून आईचा श्वास चालू आहे का बघतो. काय करू सांगा, लई घाबरलोय.

उत्तर : दादा, तुमचं पत्र आलं त्या दिवशी मला दुसरं काही सुचलंच नाही. माझ्या वडलांची केमो झाली तेव्हा मी पण असंच त्यांच्या खोलीच्या दारात उभं राहून श्वास मोजायचे, त्यामुळे त्या उठण्याबद्दल तुम्हाला काही सांगत नाही, ते कमी होईल आपोआप. पण बाकीचं सांगायचंच आहे, आणि पहिलं म्हणजे ते दूध.

धारोष्ण दूध आजपासून आईला बंद. आबांना वाईट वाटेल माहितीय मला, आणि एरवी त्या दुधाचं कौतुक मी पण करते, कोल्हापुरात वाढलेय. पण केमोनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली येतात, साधारण सातव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत सगळ्यात खाली, आणि त्या दिवसांत न उकळलेल्या दुधातले जंतू एरवी आपण पचवलेही असते पण आईंना थेट ॲडमिट करायला लावू शकतात. आबांचं कट्ट्यावर जाणं मात्र बंद करू नका. तेच तर आहे त्या माणसाचं बोलणं. जाऊ देत, आणू देत, फक्त घरी आल्यावर दूध स्वतः गॅसवर ठेवायचं, चांगली उकळी येईपर्यंत समोर थांबायचं, आणि ते काम आबांचंच. मग त्यातलं थोडं विरजणाला, थोडं तांदळाच्या खिरीला, थोडी नाचणी शिजवून त्यात. आईंना तांब्याभर दूध बघूनच मळमळत असेल, वाटीत चार चमचे गार खीर वेगळी गोष्ट होते. कच्ची कोशिंबीर, उघड्यावरची कापलेली फळं, बाहेरची भेळ, हे पण आत्ता नको, केळं संत्रं घरी सोलून द्या.

आता खाण्याचं. मला वाटतं घरात सगळ्यात जास्त भांडणं या एका ताटावरून होतात, कारण बाकी कशावर आपला काही इलाज चालत नाही आणि ताट तेवढं आपल्या हातात असतं. तुम्ही दिवसातून किती वेळा विचारता, खाल्लंस का म्हणून? मी माझ्या वडलांना विचारायचे तेव्हा ते भिंतीकडे तोंड करायचे. नंतर एकदा दमून नुसतं विचारलं, अण्णा, आत्ता काय जमेल? तर म्हणाले, गार भात, मीठ लावून. तीन दिवस तेवढंच खाल्लं त्यांनी, आणि चाललं. केमोनंतरचे तीन-चार दिवस माणूस कमी खातो, त्यात तो मरत नाही, पाणी पोटात राहतंय ना ते बघायचं. लिंबूसरबत, ताक, भाताची पेज, मुगाचं कढण, घोट घोट. दर दोन तासांनी थोडं. मटण चालत असेल तर आपल्याकडं रस्सा करायच्या आधी जे अळणी काढतात ना, ते नीट शिजवून, वरची चरबी काढून वाटीभर द्या, तांबडा-पांढरा पुढं बघू. वजन टिकवायला शेंगदाण्याचा लाडू, पूर्ण उकडलेलं अंडं, भातावर तूप. आणि साखर बंद करायचं जे सांगतायत त्यांना चहा पाजून वाटेला लावा. साखर तोडली म्हणजे कॅन्सर उपाशी मरतो असं काही नसतं, उपाशी आई राहते. डायबिटीस असेल तर गोष्ट वेगळी, आणि ते डॉक्टरांना आधीच माहीत पाहिजे, कारण उलटीसाठी जी स्टिरॉइडची गोळी देतात तिनं शुगर चढते.

त्याच गोळीनं झोप उडते आणि माणूस चिडका होतो, हे तुम्हाला कुणी सांगितलंय का? आई अंगावर येते लिहिलंय ते वाचून मला पहिली शंका तीच आली. गोळी किती वाजता घ्यायची ते डॉक्टरांना विचारा, बऱ्याचदा सकाळी घ्यायला सांगतात. सगळी चिडचिड गोळीचीच असं म्हणत नाही मी, आयुष्यभर ज्या बाईनं घराला जेवू घातलं तिला आता कुणीतरी घास मोजून देतंय, ती चिडेलच की. पण निम्मं औषधाचं आहे एवढं कळलं तरी तुमच्या मनाला लागणार नाही.

वासाचं एक. तुमच्या घरी आमच्यासारखीच चटणी, म्हणजे कांदा-लसणीची, डंकावरनं आणून बरणीत भरलेली. ती फोडणीत पडली की आख्ख्या घरात ठसका. केमोच्या आठवड्यात फोडणी आई मागच्या खोलीत असताना, खिडकी उघडी ठेवून करा नाहीतर करूच नका. गरम जेवणाला वास जास्त, म्हणून कोमट-गार जेवण जास्त जमतं. स्टीलच्या चमच्यानं तोंडाला लोखंडासारखी चव येते म्हणाल्या तर साधा प्लॅस्टिकचा चमचा द्या. तोंड आलं असेल तर ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ, पाव चमचा खायचा सोडा, दिवसातून चार-पाच वेळा चूळ, ब्रश एकदम मऊ, आणि लिंबू तेव्हा बंद. उलटीची गोळी उलटी झाल्यावर नाही, लिहून दिलेल्या वेळेला घ्यायची, आधी. या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, आपल्या बायका ते कुणाला सांगत नाहीत, तुमच्या बायकोला विचारायला सांगा. लघवी एक-दोन दिवस लालसर होते ते त्या लाल औषधामुळं, रक्त नाही.

आता जे सांगते ते भिंतीवर लिहून लावा. घरात डिजिटल थर्मामीटर हवा आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला की रात्रीचे दोन वाजलेले असोत, लगेच केमोच्या हॉस्पिटलला फोन करून निघायचं. सकाळ होऊ दे म्हणायचं नाही, आणि मनानं क्रोसिन द्यायची नाही. मी दिली होती. वडलांचा केमोपासून अकरावा दिवस होता, रात्री १०१ ताप, मी गोळी दिली, तासाभरात घाम येऊन ताप उतरला आणि मी देवापुढं दिवा लावून झोपले. पहाटे सहाला बघते तर अण्णांचे हातपाय गार, थरथरतायत, मला ओळखलं नाही त्यांनी. पाच दिवस आयसीयूत होते. वाचले, नंतर सगळ्या केमो पूर्ण झाल्या, पण ती रात्र अजून माझ्या छातीवर आहे. पेशी कमी असताना साधं इन्फेक्शन काही तासांत रक्तात पसरतं आणि गोळीनं नुसता ताप झाकला जातो. कॅज्युअल्टीत गेल्या गेल्या पहिलं वाक्य हेच, केमो चालू आहे, आज अमुकवा दिवस. नुसता ताप आलाय म्हणालात तर नंबर लावून बसवतील.

तसंच पाणीसुद्धा पोटात राहत नसेल, जुलाब थांबत नसतील, कुठून रक्त येत असेल, दम लागत असेल तर वाट बघू नका. आणि केमो चढत असताना सुईच्या जागी जळजळलं, सूज वाटली तर आईंनी त्याच क्षणी सिस्टरना हाक मारायची, लाजायचं नाही, ते लाल औषध शिरेबाहेर गेलं तर मांस जाळतं.

कितवा दिवस ते तोंडावर राहावं म्हणून एक दोनशे पानी वही घ्या. केमोचा दिवस पहिला धरून रोजचा आकडा, ताप, काय खाल्लं, किती उलट्या, संडास. आबांना द्या ती वही. जो माणूस आयुष्यभर जोर-बैठका मोजत आला तो हे चुकवणार नाही बघा. दोन-तीन केमोंच्या नोंदी झाल्या की तुम्हालाच दिसेल, दुसऱ्या ते पाचव्या दिवशी हे असं होतंच, तिसऱ्या आठवड्यात आई परत आईसारखी होते, आणि मग पाचव्या दिवशीच्या उलटीनं तुमचा जीव जाणार नाही. गल्लीतल्या लोकांना भेटायला तिसऱ्या आठवड्यात बोलवा, सर्दी-ताप असलेल्यांना बिलकुल नाही. अंबाबाईचं दर्शन पण तेव्हाच, पहाटे, गर्दी नसताना. नातवंडं असतील तर जवळ घेऊ देत, कॅन्सर काही शिवल्यानं होत नाही. फक्त केमोनंतर दोन दिवस संडासात पाणी दोनदा सोडायचं, आणि उलटीची बादली धुताना हातात ग्लोव्हज, कारण औषध त्यातनं बाहेर पडत असतं. काढ्याचं म्हणाल तर बाटली डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एक घोट नाही, लिव्हरवर आधीच केमोचा भार आहे, देणारा कितीही जवळचा असो.

बहिणीला नुसत्या व्हिडिओ कॉलवर रडायला लावू नका. पुण्यात बसून ती रिपोर्टचे फोटो लावून ठेवू शकते, तारखा सांभाळू शकते, आणि रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं काय होतंय ते फोनवरून मागे लागून करू शकते, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात, त्यांच्याकडं चौकशी करायची. आणि दादा, राग मानू नका, तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात बायकोचं एकच वाक्य आहे, स्वयंपाकाचं बघते म्हणून. ती बादली कोण धुतंय? आठवड्यातून एक दिवस तुम्ही सुट्टी काढून स्वयंपाकघर आणि बादली दोन्ही घ्या आणि तिला माहेरी जाऊ द्या, फोन न करता.

केस. पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत जातात, तुमच्याकडं तेच चाललंय, आणि उपचार संपले की काही महिन्यांत परत येतात. उशीवर रोज पुंजके बघण्यापेक्षा काहीजणी आधीच बारीक करून घेतात, काहींना ते अजिबात नको असतं. हे तुम्ही ठरवू नका. एखाद्या संध्याकाळी जवळ बसा आणि विचारा, आई, वेणीचं काय करूया. त्या रडल्या तर उठून पाणी आणायला जाऊ नका, तिथंच बसा. डोक्याला बांधायला मऊ सुती कापड लागतं, जुन्या साडीचं उत्तम, आणि ते कुठल्या साडीचं फाडायचं हे पण त्यांनाच विचारा. उलटी लपवतात ना तुमच्यापासून, ती तुमचा चेहरा पडतो म्हणून लपवतात. एकदा सांगून टाका की तू ओकलीस तरी मी कोसळत नाही, मला खरं सांगत जा. त्यांना इतके दिवस हेच कुणी म्हटलं नसणार.

तिसरी केमो झाली की कळवा, मी वाट बघतेय.

प्रश्न : माझ्या वडलांना तंबाखूमुळं तोंडाचा कॅन्सर झालाय. मुंबईला परळच्या टाटात ट्रीटमेंट चालू होतेय. दर वेळी महालक्ष्मी एक्सप्रेसनं जायचं तर खर्च परवडत नाही, राहायचं कुठं हा पण प्रश्न आहे. मी इचलकरंजीची, वडलांबरोबर मी एकटीच जाणार.

उत्तर : ताई, रेल्वेची सवलत घ्याच. कॅन्सर पेशंटला ट्रीटमेंटसाठी जाता-येताना स्लीपर आणि थर्ड एसीला तिकीट माफ आहे, आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट. हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यातला फॉर्म सही-शिक्क्यासह भरून घ्यायचा आणि तो दाखवून तिकीट काढायचं. पहिल्याच फेरीत तो फॉर्म मागा, निघायच्या घाईत राहून जातो. राहण्यासाठी दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, तिथं कॅन्सरचे पेशंट आणि नातेवाईक राहतात, पण जागेसाठी वाट बघावी लागू शकते, म्हणून टाटातच सोशल वर्करना भेटा, त्यांच्याकडं बाकीच्या ठिकाणांची माहिती मिळते. शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचा असेल तर त्याआधी दातांची तपासणी होऊ द्या, कंटाळा करू नका. शेकाच्या जागी हळद, तेल, बाम काही लावायचं नाही, अंगावर किंवा मास्कवर केलेल्या खुणा पुसायच्या नाहीत. वडलांनी अजून खिशात पुडी ठेवली असेल तर डॉक्टरांसमोर तुम्हीच सांगा, सोडवायला तिथं मदत मिळते. आणि रात्रीच्या गाडीत फाईल बॅगेत टाकून सीटखाली ढकलू नका, उशाला घेऊन झोपा.