आयव्हीएफनंतर बीटा एचसीजी (रक्तातलं गर्भारपणाचं हार्मोन) ४८ तासांत ११० वरून १९० झाला, दुप्पट नाही. गर्भ टिकणार नाही का?

नाही, एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. ही सुमारे ७३ टक्के वाढ आहे आणि ती पुरेशी आहे. ‘दुप्पटच व्हायला हवा’ हा ठोकताळा नाहक घाबरवतो. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या निकषानुसार पहिला आकडा १५०० च्या खाली असेल तर ४८ तासांत किमान ४९ टक्के वाढ अपेक्षित असते. मात्र चांगली वाढ म्हणजे हमी नव्हे: गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत रुजला असला तरी आकडा कधी कधी असाच चढतो, ते सोनोग्राफीतच कळतं. गर्भारपणाचे आठवडे ट्रान्सफरपासून, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडल्याच्या दिवसापासून मोजा. पाच दिवसांचा भ्रूण सोडला असेल तर तो दिवस २ आठवडे ५ दिवस धरतात. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाभोवतीची पिशवी पाचव्या आठवड्याच्या सुमारास दिसते, हृदयाचे ठोके सहा ते साडेसहा आठवड्यांना. म्हणून ठोके पाहायला ट्रान्सफरनंतर साधारण २८ दिवस थांबलेलं बरं. घाईने केलेली सोनोग्राफी फक्त धास्ती वाढवते. तोवर:

- पुन्हा तपासणी करायची तर त्याच लॅबमध्ये. घरच्या पट्टीवरची रेघ किती गडद, यावरून काही ठरवू नका.
- रक्ताचा डाग दिसला तरी प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकायला दिलेलं हार्मोनचं औषध) स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना फोन करा.
- पोटात एका बाजूला तीव्र दुखणं, खांद्यात कळ, चक्कर किंवा जास्त रक्तस्राव झाला तर रात्र असली तरी लगेच हॉस्पिटल गाठा.