चरबी सांगणाऱ्या काट्यावर किती विसंबावे?

प्रश्न : माझे वय ४६ आणि उंची १५६ सेंटिमीटर. मोबाइलला जोडला जाणारा, चरबीचे प्रमाण दाखवणारा वजनकाटा आम्ही घरी घेतला आहे. सकाळी त्यावर ६८ किलो वजन आणि ३४.२ टक्के चरबी दिसते. त्याच दिवशी तलावपाळीला तासभर चालून आल्यावर मात्र ३१.८ टक्के. सोसायटीच्या जिममधले, हातात दांडे धरण्याचे यंत्र २९ टक्के सांगते. यातले खरे कोणते? यजमानांची उंची १७० सेंटिमीटर, वजन ६२ किलो. त्यांना काटा १७ टक्के दाखवतो, म्हणून पोट सुटलेले असूनही ते निश्चिंत आहेत. सासूबाईंना पेसमेकर बसवलेला आहे, त्यांनी काटा वापरला तर चालेल का? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपला काटा प्रत्यक्षात दोनच गोष्टी मोजतो, वजन आणि विजेला शरीरात होणारा अडथळा. काट्यावरच्या धातूच्या पट्ट्यांवर अनवाणी उभे राहिले की एका पायातून दुसऱ्या पायात अत्यंत सौम्य, एक मिलिअँपियरहूनही कमी विद्युतप्रवाह सोडला जातो. स्नायू, रक्त आणि इतर चरबीविरहित भागात सुमारे ७३ टक्के क्षारयुक्त पाणी असल्यामुळे त्यांतून तो सहज वाहतो, चरबीत पाणी फारच थोडे असल्यामुळे तिथे अडतो. हा अडथळा आणि आपण ॲपमध्ये भरलेली उंची, वय व लिंग यांवरून काट्यातले सूत्र शरीरातल्या पाण्याचा आणि त्यावरून चरबीविरहित वजनाचा अंदाज करते. ते एकूण वजनातून वजा करून जे उरते, त्याला चरबी म्हणायचे, असा हा हिशेब आहे. ॲपमध्ये दशांश चिन्हासह झळकणारे हाडांचे वजन किंवा ‘शरीराचे वय’ हेही त्याच एका मोजणीतून आणि भरलेल्या माहितीतून काढलेले असते.

भरलेल्या माहितीवर किती अवलंबून असते, याचा अनुभव मी वाशीच्या घरी घेतला आहे. सुटीला आलेल्या सहा फुटी, चोवीस वर्षांच्या भाच्याची माहिती काट्यात तशीच राहिली होती आणि त्या सकाळी माझी चरबी एका रात्रीत सात टक्क्यांनी उतरली. ती बातमी मी घरभर सांगूनही झाली होती.

आता आपल्या आकड्यांकडे पाहू. ६८ किलोंच्या ३४.२ आणि ३१.८ टक्क्यांत दीड किलोहून अधिक चरबीचा फरक आहे. एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी धरतात, म्हणजे एवढी चरबी जाळायला बारा हजारांच्या आसपास किलोकॅलरी खर्च व्हायला हव्यात, आणि तलावपाळीच्या तासाभराच्या चालण्यात जेमतेम अडीचशे-तीनशे खर्च होतात. बदलले ते पाणी. दिवसभर उभे राहून आणि बसून पायांत द्रव उतरतो, चालल्यावर त्वचेकडे रक्त वाढते, तळवे घामेजतात. या सगळ्याने अडथळा कमी होतो आणि काटा त्याचा अर्थ चरबी कमी झाली असा लावतो. उलट, कोरड्या, भेगा पडलेल्या टाचांनी उभे राहिल्यास अडथळा वाढतो आणि चरबीही वाढलेली दिसते.

जिमच्या यंत्रात प्रवाहाचा मार्ग वेगळा आणि सूत्रही वेगळे, त्यामुळे तो २९ चा आकडा घरच्या आकड्याशेजारी ठेवूच नये. ‘खरे’ प्रमाण जवळून जाणायचे असेल तर क्ष-किरणांवर आधारलेली डेक्सा तपासणी आहे. तिच्या तुलनेत घरचा काटा एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत चार-पाच टक्क्यांनी सहज चुकू शकतो. मात्र काटा टाकून देण्याचे कारण नाही. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, तळवे ओल्या फडक्याने पुसून, सतरंजी किंवा पायपुसण्यावर न ठेवता थेट लादीवर ठेवलेल्या काट्यावर उभे राहावे आणि रोजच्या आकड्याऐवजी महिन्याची सरासरी पाहावी. पाळीच्या आधी शरीरात पाणी साठते, म्हणूनही महिना पुरा धरणे बरे. तीन-चार महिन्यांत सरासरी एकाच दिशेने सरकत असेल, तर तेवढे मानायला हरकत नाही.

यजमानांचा निश्चिंतपणा मला अधिक काळजीचा वाटतो. पायांवर उभे राहण्याच्या काट्यात प्रवाह मुख्यतः पाय आणि ओटीपोटातून जातो, त्यामुळे बारीक पाय आणि सुटलेले पोट अशा आपल्याकडच्या नेहमीच्या ठेवणीत पोटाची दखल नीट घेतलीच जात नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले होते : दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा निर्देशांक, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. यजमानांचा हा निर्देशांक साडेएकवीसच्या आसपास येतो, तो पाहून हायसे वाटून घेऊ नये. शिंप्याकडची साधी टेप घेऊन, खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर घेर मोजावा. पँटचा नंबर इथे उपयोगाचा नाही. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरली जाते. ती ओलांडली असेल तर रक्तातली साखर तपासून घ्यावी, काटा १७ म्हणो की १२.

सासूबाईंनी चरबी मोजण्यासाठी या काट्यावर उभे राहू नये. प्रवाह सौम्य असला तरी पेसमेकरच्या कामात अडथळा येण्याची शक्यता गृहीत धरून उत्पादकच तसा इशारा देतात. गरोदर स्त्रियांनाही तोच लागू आहे. काही काट्यांत फक्त वजन दाखवण्याची सोय असते आणि तेव्हा प्रवाह सोडला जात नाही. आपल्या काट्याच्या माहितीपत्रकात तसे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर त्यांच्यासाठी जुना स्प्रिंगचा काटा माळ्यावरून खाली काढावा.