नवा टीव्ही वडिलांच्या जुन्या स्टिरिओ रिसीव्हरला कसा जोडायचा?

तुम्ही लिहिलंय की रिसीव्हर अजून ठणठणीत आहे, मागे लाल-पांढऱ्या आरसीए सॉकेटच्या जोड्या आहेत, पण नव्या टीव्हीला तसलं एकही सॉकेट नाही. म्हणून तो विकायचा विचार आहे. कृपा करून विकू नका. बोटभर जाडीच्या टीव्हीत स्पीकरला जागाच उरत नाही. रिसीव्हरला जोडलेल्या जुन्या लाकडी स्पीकरच्या पेट्यांतून संवाद किती स्वच्छ ऐकू येतात, ते एकदा ऐकाच.

टीव्हीच्या पाठीमागे 'ऑप्टिकल' लिहिलेलं छोटं चौकोनी भोक शोधा. त्यातून आवाज प्रकाशाच्या रूपात, डिजिटल बाहेर येतो. तुमचा रिसीव्हर ॲनालॉग, म्हणून मधे डिजिटलचं ॲनालॉग करणारी, डॅक नावाची छोटी डबी लागते. टीव्हीपासून डबीपर्यंत ऑप्टिकल केबल (तिच्या टोकांवरची प्लॅस्टिकची टोपणं आधी काढा) आणि तिथून लाल-पांढरी केबल रिसीव्हरच्या ऑक्स, टेप किंवा सीडी इनपुटला. फोनोला मात्र नको. ते रेकॉर्ड प्लेअरच्या अगदी क्षीण सिग्नलसाठी असतं आणि खर्जही मुद्दाम उचलतं. टीव्हीचा आवाज तिथे फाटून घुमेल.

माझ्या दोन संध्याकाळी वेगळ्याच गोष्टीत गेल्या. सगळं जोडलं, डबीचा दिवा लागला, पण स्पीकर गप्प. केबल बदलली, तरी तेच. शेवटी टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'ऑटो'वरून 'पीसीएम'वर नेलं आणि लगेच आवाज आला! ऑटोवर टीव्ही डॉल्बी डिजिटल, म्हणजे दाबून बांधलेला आवाज पाठवत होता आणि साध्या डॅकला ते उलगडता येत नाही. पीसीएमवर सरळ दोन चॅनेल जातात. तुमच्याकडेही शांतता असेल तर आधी हेच बघा.

टीव्हीला हेडफोनचं सॉकेट असेल तर ३.५ मिमी ते आरसीए केबलनेही भागतं आणि स्वस्तात होतं. पण केबल टीव्हीची तार घरात असेल तर त्या जोडणीतून ५० हर्ट्झची गुणगुण येऊ शकते. ऑप्टिकलमधून वीज जातच नाही, म्हणून मला तीच पसंत. डबीला वीजही टीव्हीच्या यूएसबीतून न देता मोबाइलच्या चार्जरवरून द्या, नाहीतर तीच गुणगुण मागच्या दाराने परत येते.

ऑप्टिकलवर बहुतेक टीव्हींचा रिमोट आवाज कमी-जास्त करत नाही, ते रिसीव्हरच्या नॉबवरूनच करावं लागतं. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना नॉब अगदी खाली ठेवा.