पेले सोडून गेल्यामुळे न्यूयॉर्क कॉसमॉस ही अमेरिकेतली फुटबॉल टीम बंद पडली का? आणि ही टीम खरंच कोलकात्याला खेळायला आली होती का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपंय, हो, आली होती, 24 सप्टेंबर 1977 ला ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्ध खेळली आणि मॅच 2-2 सुटली. पहिल्याचं उत्तर माझ्या मते सरळ नाही असं आहे.

आधी तारखा बघा. पेले 1977 ला खेळायचा थांबला. त्यानंतर कॉसमॉसने 1978, 1980 आणि 1982 अशी तीन वेळा अमेरिकेतली लीग जिंकली, आणि 1978 ला घरच्या मॅचला सरासरी 47 हजारांच्या वर लोक येत होते, पेलेच्या शेवटच्या सीझनपेक्षाही जास्त. म्हणजे तो गेला आणि दुकान बंद झालं असं काही झालेलं नाही.

टीम उभी राहिली ती 1970-71 मध्ये. अ‍ॅटलांटिक रेकॉर्ड्स ही गाण्यांची कंपनी चालवणारे अहमेत आणि नेसुही एर्तेगुन हे तुर्की भाऊ फुटबॉलवेडे, त्यांनी त्यांच्या बॉसला म्हणजे स्टीव्ह रॉसला यात ओढलं, आणि रॉस ज्या कंपनीचा प्रमुख होता तीच पुढे वॉर्नर कम्युनिकेशन्स झाली. मॅनेजर आणला क्लाइव्ह टॉय, इंग्लंडमधला स्पोर्ट्स पत्रकार. शहरात बेसबॉलची मेट्स होती, मेट्रोपॉलिटनचं छोटं रूप, मग त्याच्या वरताण म्हणून कॉस्मोपॉलिटनचं कॉसमॉस, हे नाव टॉयच्याच डोक्यातलं. दुसऱ्याच वर्षी, 1972 ला, टीमने लीग जिंकली पण बघायला माणूस नाही. मैदानं बदलत बदलत टीम रँडल्स आयलंडवरच्या डाउनिंग स्टेडियमला पोचली, आणि ते मैदान म्हणजे निम्मं गवत निम्मी माती असा प्रकार होता.

अशा टीममध्ये जून 1975 ला पेले येतो! टॉय त्याच्या मागे कित्येक वर्षं लागला होता, ब्राझीलने अडवू नये म्हणून अमेरिकेचा तेव्हाचा परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजरनेसुद्धा शब्द टाकला असं सांगतात, आणि वॉर्नरने त्याला जे पैसे दिले ते तेव्हा कुठल्याच टीम स्पोर्टमधल्या खेळाडूला मिळत नव्हते. पहिली मॅच 15 जूनला डॅलस टोर्नॅडोबरोबर. टीव्हीवर मैदान बरं दिसावं म्हणून उघड्या मातीवर चक्क हिरवा रंग मारला होता, आणि मॅच संपल्यावर पेलेने पाय बघितले तर हिरवे, त्याला वाटलं इथल्या जमिनीतून काहीतरी बुरशी लागली. हा किस्सा टॉय स्वतः सांगायचा. मॅच 2-2 झाली, पेलेने हेडरने गोल केला, आणि तिथून चित्र पालटलं.

1976 ला इटलीतल्या लाझिओचा स्ट्रायकर जॉर्जो किनाल्या आला, 1977 ला जर्मनीचा बेकेनबाउर आणि ब्राझीलचा कार्लोस अल्बेर्तो, आणि टीम नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या नव्याकोऱ्या जायंट्स स्टेडियमला गेली. त्या वर्षी 14 ऑगस्टला फोर्ट लॉडरडेल स्ट्रायकर्सविरुद्ध प्लेऑफ म्हणजे बाद फेरीच्या मॅचला 77,691 लोक होते, अमेरिकेत, फुटबॉलला! कॉसमॉसने ती 8-3 जिंकली. मग पोर्टलंडला सिएटल साउंडर्सविरुद्ध फायनल, तिथला पहिला गोल मिळाला तर जरूर बघा. सिएटलचा गोलकीपर बॉल हातातून जमिनीवर सोडतो, मागे कोणी आहे हे त्याला कळतच नाही, आणि स्टीव्ह हंट मागून येऊन तो बॉल काढून घेतो आणि आत ढकलतो. 2-1 ने जिंकले, दुसरा गोल किनाल्याचा.

आणि मग लगेच पुढच्या महिन्यात आशियाचा दौरा, जपान, चीन आणि आपलं कोलकाता. पावसाने मैदानात चिखल झालेला, पेले खेळतो की नाही अशी धाकधूक, पण खेळला. मोहन बागानचे कोच पी. के. बॅनर्जी, त्यांनी गौतम सरकारला पेलेच्या मागे लावलं आणि गौतमने त्याला फारसं काही करू दिलं नाही, गोलमध्ये शिवाजी बॅनर्जी. कार्लोस अल्बेर्तोने कॉसमॉसचा गोल केला, श्याम थापाने बरोबरी साधली, मोहम्मद हबीबने बागानला 2-1 पुढे नेलं, आणि शेवटी किनाल्याच्या पेनल्टीवर कॉसमॉस वाचली, ती पेनल्टी द्यायलाच नको होती असं बागानवाले आजही म्हणतात. सात वर्षांआधी वर्ल्ड कप उचललेला कॅप्टन कार्लोस अल्बेर्तो आणि पेले समोर असताना आपली पोरं त्या पेनल्टीपर्यंत पुढे होती, भारतीय फुटबॉलचा विषय निघाला की ही मॅच सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पुढच्याच आठवड्यात, 1 ऑक्टोबरला, पेले जायंट्स स्टेडियमवर सांतोस या त्याच्या ब्राझीलमधल्या जुन्या क्लबविरुद्ध शेवटची मॅच खेळला, पहिला हाफ कॉसमॉसकडून, दुसरा सांतोसकडून, भर पावसात.

आता बंद का पडली. कॉसमॉस जिंकायला लागल्यावर लीगमधल्या बाकी मालकांना वाटलं की आपणही म्हातारे स्टार आणले की झालं. लीगने 1978 ला एका दमात 24 टीम केल्या, कुणालाही घेतलं, आणि बहुतेकांकडे वॉर्नरसारखा पैसाही नाही आणि न्यूयॉर्कसारखं शहरही नाही. एबीसी चॅनलने मॅच दाखवल्या पण लोकांनी बघितल्या नाहीत म्हणून करार पुढे गेला नाही. 1980 नंतर टीम पटापट गळायला लागल्या. कॉसमॉस एकटी मोठी राहून काय करणार, समोर खेळायला कोणीतरी पाहिजे ना.

आणि कॉसमॉसचा स्वतःचा पाया तरी काय होता, एका कंपनीचा खिसा. आमच्या कोल्हापुरात टीम तालमीची असते, पाटाकडील घ्या नाहीतर शिवाजी तरुण मंडळ, पेठेतली पोरं, पेठेतली वर्गणी, एखादा देणगीदार हटला म्हणून टीम बसत नाही. कॉसमॉसचा देणगीदार एकच आणि तोच 1983 ला आडवा झाला, कारण अटारी ही व्हिडिओ गेमची कंपनी वॉर्नरचीच होती आणि त्या वर्षी तिला 50 कोटी डॉलरच्या वर तोटा झाला. वर वर्तमानपत्रांचा बडा मालक रूपर्ट मर्डॉक शेअर घेऊन वॉर्नर गिळायला बघत होता. अशा वेळी फुटबॉल टीम कोण सांभाळणार? 1984 ला टीमचा ताबा गेला किनाल्याकडे.

किनाल्याबद्दल माझं मत मिश्र आहे. गोल करण्यात त्याच्यासारखा त्या लीगमध्ये कोणी झाला नाही, 1980 ला तुल्साविरुद्ध एकाच प्लेऑफ मॅचमध्ये त्याने 7 गोल मारले आणि लीगचा ऑल-टाइम टॉप स्कोअरर तोच. पण रॉस त्याचं ऐकायचा आणि कोच कोण, कोणाला खेळवायचं यात त्याची लुडबुड सुरू असायची. टीम हातात आल्यावर तिच्यात ओतायला त्याच्याकडे वॉर्नरइतका पैसा नव्हता. 1984 ला कॉसमॉस प्लेऑफलाही पोचली नाही, हिवाळ्यात इनडोअर लीगमध्ये उतरली आणि सीझन अर्धवट सोडून बाहेर पडली, मार्च 1985 ला मुख्य लीगची अनामत भरता आली नाही म्हणून टीमला बाहेर काढलं आणि त्याच महिन्यात लीगच गुंडाळली गेली. मग नुसत्या मैत्रीपूर्ण मॅच खेळून बघितल्या, जूनमध्ये लाझिओविरुद्धच्या मॅचमध्ये मैदानातच मारामारी झाली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत सगळं थांबलं. 77 हजारांच्या गर्दीपासून इथपर्यंत यायला आठ वर्षंसुद्धा लागली नाहीत!

म्हणून म्हणतो, पेलेला दोष देऊ नका. त्याने त्याचं काम केलं, त्या काळात अमेरिकेतली लहान पोरं रस्त्यावर, शाळेत फुटबॉल खेळायला लागली, 1994 चा वर्ल्ड कप तिकडे झाला त्यामागे हीच पिढी आहे. चुकलं ते मालकांचं, त्यांनी वरून झुंबर आणलं पण स्थानिक खेळाडू घडवायला वेळच दिला नाही, मैदानात ठरावीक संख्येने अमेरिकन-कॅनेडियन खेळवायचा नियम होता तोही बऱ्याच टीम नाइलाजाने पाळायच्या.

कमेंटमध्ये कोणीतरी विचारलंय की मग 2015 ला स्पेनचा राऊल खेळला ती कॉसमॉस कुठली. ती याच नावाची नवी टीम. जुनं नाव पेप्पे पिंटोन या क्लबच्याच माणसाने कितीतरी वर्षं जपून ठेवलं होतं, 2009 ला त्याने ते विकलं, 2013 पासून टीम परत मैदानात आली आणि 2013, 2015, 2016 अशी तीन वेळा त्या वेळच्या नव्या लीगची चॅम्पियन झाली. ती लीगही 2017 नंतर बंद पडली आणि टीम पुन्हा अधांतरी राहिली. 2025 ला परत घोषणा झाली, या वेळी न्यू जर्सीतल्या पॅटर्सनच्या हिंचक्लिफ स्टेडियमवर, खालच्या डिव्हिजनमध्ये.