घर आजोबांच्या वेळचं आहे. एआय म्हणतं इलेक्ट्रिक कार घ्या. सरकारी धोरणाच्या भरवशावर घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की एआयने किलोमीटरमागचा खर्च काढून ‘घ्या’ म्हटलं, पण सबसिडीचं काय होणार या धास्तीने बुकिंग अडलंय. बॅटरी, सबसिडी, एआय, सगळं लिहिलंत. घराला अर्थिंग, म्हणजे गळलेली वीज जमिनीत नेणारी तार, आहे का, ते नाही लिहिलंत. कोणीच लिहीत नाही, म्हणून हे उत्तर.

सबसिडीचं आधी उरकतो. केंद्राची सबसिडी घरच्या कारला २०१९ पासून मिळतच नव्हती, ती बंद कशी होईल? एप्रिल २०१९ मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांच्या सबसिडीची १०,००० कोटींची फेम-२ योजना आली, त्यात चारचाकीचा पैसा टॅक्सीसारख्या धंद्याच्या गाड्यांना होता, घरच्या गाडीला नाही. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत दुचाक्या, तीनचाक्या, बस, ट्रक, अँब्युलन्स धरल्या, तुमची कार नाही. कारला केंद्राकडून मिळतो तो ५ टक्के जीएसटी, ऑगस्ट २०१९ पासून. पेट्रोलच्या छोट्या कारला २८ टक्के आणि वर सेस होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तिथे १८ झाला, म्हणजे फरक घटला तो असा. कर्जाच्या व्याजावरची आयकरातली दीड लाखाची सूट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरती होती. रोड टॅक्सचं आरटीओत विचारा, शोरूममध्ये नको. झालं धोरण.

मी ३३ वर्षं वीज खात्यात काढली, बरीचशी मीटर टेस्टिंगमध्ये. आमचं घर इंदूरला रामबागेत. खाली दादा, वर मी. नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, घराचं अर्थिंग नळाला दिलं होतं. त्या काळी पुष्कळ जण तेच करत. लोखंडी पाइप रस्त्याखाली लांबवर गाडलेला, आणखी काय हवं? अंगणातल्या नळाच्या मानेला गुंडाळलेली तांब्याची तार मला अजून दिसते, हिरवी पडलेली. २००६ मध्ये दादाने खालचा मजला नवा केला. पाइप गंजले होते, प्लंबरने प्लास्टिकचे टाकले आणि तार सोडवून खिशात घातली. तांबं ना ते. पाणी झकास यायला लागलं आणि घराचं अर्थिंग गेलं.

मी त्याच आठवड्यात म्हटलं, दादा, अंगणात अर्थिंगचा खड्डा घेऊ. मजुरीसकट अडीच हजारांत काम होतं तेव्हा. दादाने अंगणात नुकतीच कोटा फरशी बसवून घेतली होती. म्हणाला, "तुमच्या खात्याची सवयच ती. चांगला रस्ता दिसला की खोदा." समोर पाहुणे होते, सगळे हसले. वहिनीही हसल्या.

पुढची अठरा वर्षं त्याच वहिनींनी फ्रीजपुढे रबरी चपलांचा जोड ठेवला. वॉशिंग मशीनपुढे लाकडी पाट. कोणी पाणी घ्यायला उठलं की आतून आवाज यायचा, "चप्पल घाला हो, आमचा फ्रीज चावतो." दादा म्हणायचा, चावत नाही, गुदगुल्या करतो.

मग २०२४ च्या दिवाळीत पुतण्याने इलेक्ट्रिक कार आणली. नारळ फुटला, पेढे वाटले, रात्री चार्जर लावला तर केबलवरच्या डब्यात लाल दिवा. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, घर में अर्थिंग का लोचा है. बरोबर बोलला बिचारा. दादाने कोपऱ्यावरच्या वायरमन पोराला बोलावलं. दहा मिनिटांत दिवा हिरवा, पाचशे रुपये. दादा पेढ्याचा बॉक्स घेऊन स्वतः वर आला. "बघ. खड्ड्याशिवाय झालं."

मी टेस्टर घेऊन खाली उतरलो. सॉकेट उघडलं तर आत दीड इंचाचा वायरचा तुकडा, न्यूट्रलमधून, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेतून, अर्थच्या पिनेला. चार्जरला फसवलं होतं. आता समजा, खांबावर न्यूट्रलचा जोड जळून सुटला. घरात जे काही चालू असेल, पंखा, फ्रीज, त्यातून फेजची, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेची, वीज न्यूट्रलच्या तारेत येणार, तिथून या तुकड्यातून अर्थच्या पिनेला आणि तिथून गाडीच्या पत्र्यावर. पुतण्याची मुलगी चार वर्षांची, दिवसभर त्या गाडीच्या दाराला लोंबकळत होती. मी तुकडा काढून खिशात घातला. दिवा परत लाल. मग मल्टिमीटर लावला: फेज-न्यूट्रल २३१, फेज-अर्थ ११८, न्यूट्रल-अर्थ ११२. निरोगी घरात मधला आकडा पहिल्याच्या जवळपास येतो आणि शेवटचा दोन-तीन व्होल्ट. आमची अर्थची तार अधांतरी लटकत होती. दादाला आकडे दाखवले. तो म्हणाला, "तुझं मीटर जुनं झालंय." त्यावर जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. शेजारच्यांनी गॅलरीतला दिवा लावून पाहिलं, एवढं सांगतो.

सकाळी पोहे खाता खाता पुतण्याने लाल दिव्याचा फोटो मोबाइलमधल्या एआयला दाखवला. उत्तर आलं: अर्थिंग नाही किंवा खराब आहे, न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्ये जोडू नका, जीवाला धोका आहे, स्वतंत्र अर्थ इलेक्ट्रोड बसवून घ्या. दादाने चष्मा मागवला. दोनदा वाचलं, एकदा मोठ्याने. पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याची बशी सरकवली आणि मजुराला फोन लावला.

२००६ पासून मी जे सांगत होतो तेच. शब्दसुद्धा जवळजवळ तेच.

म्हणून एआयबद्दल माझं मत विचारू नका, ते निर्मळ नाही. चुकलं ते नाहीच, हे कबूल. पण पुतण्याने पुढे विचारलं की पूर्वी नव्हतं तर आत्ताच असं का झालं, तेव्हा त्याने पाच कारणं दिली आणि त्यात नळ नव्हता. असणार कसा? त्याला दिव्याचा फोटो दाखवला होता, प्लंबरचा खिसा नाही. तुम्हाला त्याने ‘घ्या’ म्हटलं ते गाडीकडे बघून. तुमच्या घराच्या भिंतीत काय आहे ते त्याला तुम्हीच सांगायला हवं होतं, आणि ते तुम्हालाही ठाऊक नाही.

सरकारचंही तेच, घराच्या भिंतीत कोण बघतो? मार्च २०२४ मध्ये इंडिया एआय मिशनला १०,३७२ कोटी मंजूर झाले. ई-ड्राइव्हमध्ये सार्वजनिक चार्जिंगला २,००० कोटी ठेवलेत. चांगलं आहे. इथून तासाभरावर पीथमपूरला गाड्या तपासायचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे. गाडी तिथे कितीही पळू दे, रात्री येऊन लागते ती रामबागेतल्या सॉकेटलाच. माझ्या हातात असतं तर घराच्या अर्थिंगचा आकडा कागदावर आल्याशिवाय गाडीची किल्ली दिली नसती.

खड्डा अंगणाच्या कोपऱ्यात घेतला. अडीच मीटरचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, थरावर थर. आमची मालव्याची काळी माती ओली असेल तोवर अर्थिंगला सोन्यासारखी, उन्हाळ्यात भेगा पडून पाइपला सोडते. ‘पग पग नीर’, पावलोपावली पाणी, म्हणवणाऱ्या मुलखात आता एप्रिल-मेमध्ये बादलीभर पाणी खड्ड्यात ओतावं लागतं. ते दादा ओततो. अर्थ टेस्टरवर साडेपाच ओहम आले, जितके कमी तितकं चांगलं, मला चारच्या आत हवे होते. न्यूट्रल-अर्थ मात्र २ व्होल्ट. फ्रीज चावायचा थांबला, वहिनी चपला घालतातच. कोट्याच्या नव्या तुकड्याचा रंग जुळला नाही. कोणी विचारलं की दादा सांगतो, "एआयने सांगितलं म्हणून खणलं."

तुमच्यासाठी: मीटरपासून गाडीसाठी वेगळी लाइन ओढा, तांब्याची, ४ स्क्वेअर एमएमची. १५ अँपिअर रात्रभर सलग वाहतात, जुन्या भिंतीतली वायर त्यासाठी नाही. ३.३ किलोवॅटच्या चार्जरने ३० युनिटची बॅटरी भरायला नऊ-दहा तास लागतात. बिलावर मंजूर भार एक-दोन किलोवॅट असेल तर आधी वाढवून घ्या. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, हवाच. आणि वायरमन दहा मिनिटांत हसत बाहेर आला तर सॉकेट उघडून बघायला लावा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं गणित वेगळं, तिथे सोसायटीशी भांडण. देशातली बहुतांश वीज अजून कोळशाची आहे, तेव्हा पुण्य फार मोजू नका. आणि हो, मी स्वतः अजून पेट्रोलची स्कूटर चालवतो, तर माझं गाडीबद्दलचं मत त्याच बेताने घ्या. अर्थिंगबद्दलचं नाही.

चांगल्या वायरमनकडून मल्टिमीटरने तीन आकडे घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. खाली लिहा. आधी मला, मग एआयला.